नळीतला गंज

सोमवार, ६ जानेवारी

आजपासून तळघराची किल्ली माझ्याकडे आली. अण्णा शुक्रवारी निवृत्त झाले. जाताना किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाले, "पंडित, या तीनशे अकरा सासवा सांभाळ. रोज विचारपूस केली नाहीस की गंज धरतात."

मला इथे सगळे पंडित म्हणतात. शाळा नववीत सुटली, पण पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की मला राहवत नाही, म्हणून हे नाव पडलं.

आमची प्रयोगशाळा गुन्ह्यातली हत्यारं तपासते. प्रेतातून काढलेली गोळी आणि संशयिताचं पिस्तूल पोलीस पाठवतात. ती गोळी त्याच पिस्तुलातून सुटली की नाही, हे साहेब मायक्रोस्कोपखाली बघून सांगतात आणि कोर्ट त्यांचा शब्द मानतं. माहितीसाठी म्हणून तळघरात जगभरची जुनी पिस्तुलं फळ्यांवर लावलेली आहेत. त्यांना तेल देणं, त्यांची कार्डं लिहिणं आणि चाचणीच्या वेळी साहेबांच्या हाताशी उभं राहणं हे माझं काम. तीन वर्षं झाली, नोकरी अजून हंगामी आहे.

दैनंदिनी लिहायला अण्णांनीच सांगितलं. कुलूप लावलं की नाही या शंकेने मी अर्ध्या रस्त्यातून किती वेळा परत आलोय, ते त्यांनी पाहिलंय. "केलंस ते लिहून ठेव. शंका आली की वाच आणि गप घरी बस," म्हणाले.

तर लिहितो. पाच वाजून दहा मिनिटांनी कुलूप लावलं. तीनदा ओढून पाहिलं.

गुरुवार, ९ जानेवारी

पहिल्या फळीला तेल देऊन झालं. या फळीवर लाकडी म्यानाचं मोठं जर्मन पिस्तूल आहे. ते म्यान मुठीला जोडलं की खांद्याला लावता येतं. मूळ काडतूस ७.६३ मिलिमीटरचं. पहिल्या महायुद्धात लष्कराला तेच पिस्तूल ९ मिलिमीटरमध्ये हवं झालं. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, शिपाई घाईत भलतंच काडतूस घालणार. म्हणून नव्या पिस्तुलांच्या मुठीवर भला मोठा ९ कोरून त्यात लाल रंग भरला. हे ज्याला सुचलं तो माझ्यासारखाच काळजीखोर असणार. त्याच्याबद्दल कुठेच काही लिहिलेलं नाही.

साहेब खाली आले तेव्हा धीर करून विचारलं, "७.६५ची गोळी मी मोजतो तर ७.९ भरते. माझं काही चुकतंय का?"

साहेब हसले. म्हणाले, "चुकत नाही. नळीच्या आत पीळ असतात, उंचवटे आणि खाचा. नाव पडलंय ते उंचवट्यांमधल्या अंतरावरून. गोळी मात्र खाचांतही दाबून बसते, म्हणून ती जाड. तिच्या अंगावर पिळाच्या खुणा उमटतात त्या त्यामुळेच." मग त्यांनी सांगितलं की हेच काडतूस अमेरिकेत .३२ या नावाने विकतात. आणि जर्मन लष्करी पिस्तुलाचं ७.६५ हे निराळंच, बाटलीसारख्या मानेचं. एकाचं दुसऱ्यात चालत नाही.

सगळं कार्डावर उतरवलं. इतका मोठा माणूस माझ्यासारख्याला उभ्याउभ्या वीस मिनिटं शिकवतो. घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांच्या मर्जीत राहा. कायम झालास की मी सुटले."

मंगळवार, २१ जानेवारी

जिन्यात ज्या घरमालकाला गोळी घातली त्याचं पेपरात आलं होतंच. त्याच्या अंगातून काढलेली गोळी काल आमच्याकडे आली. ७.६५, सहा पीळ, उजवीकडे वळलेले.

आज जेवणाच्या सुट्टीत त्या खटल्याचे फौजदार आले. हातात रुमालात गुंडाळलेलं एक पिस्तूल होतं. कागद नाही, लाखेचं सील नाही. मी नोंदवही उघडली तर साहेब म्हणाले, "नोंद नको, पंडित. एका मोठ्या घरातल्या माणसाचं आहे. जुन्या पिस्तुलांचा शौक आहे त्याला. चालतं का एवढंच बघायचंय."

फार सुंदर वस्तू. बेल्जियमची, ७.६५, निकेलचा मुलामा, मुठीला हस्तिदंताच्या पट्ट्या. लांबी पंधरा सेंटिमीटरच्या आसपास. मी बॅटरी धरून नळीत पाहिलं. आरसा. असं निगुतीनं ठेवलेलं पिस्तूल आमच्या संग्रहातही नाही.

साहेबांनी एकट्यानेच आत जाऊन ते कापसाच्या पेटीत झाडलं. चाचणीची पेटी म्हणजे माणसाच्या लांबीची लाकडी पेटी, आत कापसाचे थर आणि थरांमध्ये जाड कागद. गोळी त्यात अडकते आणि तिच्या अंगावरच्या खुणा शाबूत राहतात. मी दाराबाहेर उभा होतो. एकच बार ऐकला.

"गोळी काढू का, साहेब?" मी विचारलं.

"काढली मी."

फौजदार म्हणाले, "याला सगळंच मोजून लागतं वाटतं. लग्न कर रे, मग मोजायचं सुचणार नाही." सगळे हसले, मीही हसलो.

ते गेल्यावर साहेब वरच्या मायक्रोस्कोपपाशी दार लावून बसले. चार वाजता चहाचं विचारायला गेलो तर जेवणाचा डबा तसाच होता. किती काम करतात.

बुधवार, २२ जानेवारी

सकाळी ९.१० ला पेटी रिकामी केली. थर एकेक करून काढले, हाताने चाचपले, कागद उजेडात धरून पाहिले. गोळी नाही. थर पुन्हा लावले, पेटी रिकामी केल्याची नोंदवहीत सही केली. अण्णांचा नियमच आहे, नवं पिस्तूल यायच्या आधी पेटी रिकामी झालीच पाहिजे, नाहीतर मागची गोळी पुढच्याच्या गळ्यात.

अकरा वाजता घरमालकाच्या खटल्यातलं पिस्तूल आलं, सगळ्या कागदांसह. तळमजल्यावरच्या शिंप्याचं. घरमालक त्याला जागा सोडायला सांगत होता म्हणे. शिंप्याचा बाप पहिल्या महायुद्धात होता, त्याने येताना आणलेलं. स्पेनमधलं. फ्रेंच सैन्याला पिस्तुलं कमी पडली तेव्हा तिकडच्या पन्नासएक लहान कारखान्यांनी एकाच नमुन्याची पिस्तुलं भराभर बनवली. दिसायला एक, पण एकाचं मॅगझिन दुसऱ्यात बसेल तर शपथ. म्हणून ज्याच्या त्याच्या मॅगझिनवर दोन अक्षरांची खूण असते. ७.६५, सहा पीळ, उजवे. गोळीशी जुळतं.

ते एका कापडी पिशवीत होतं. शिंप्याने स्वतः शिवलेली असणार. काजं इतकी सरळ की मी पट्टी लावून पाहिली. नळीत मात्र गंज, एका खाचेला तर कडेने खड्डाच पडलेला. बरीच वर्षं कोणी तेल दिलेलं नाही. झाडण्याआधी कागदाच्या बोळ्याने धूळ तेवढी काढली.

साहेबांनी तीन गोळ्या झाडल्या. तीन रिकाम्या पुंगळ्या मी उचलल्या. लाकडी चिमटा घेऊन पेटी उघडणार तेवढ्यात त्यांनी एक लिफाफा हातात दिला. "हा आत्ताच्या आत्ता पोस्टात टाकून ये."

"गोळ्या काढून जातो ना."

"मी काढतो. जा तू."

कालची एक सोडली तर तीन वर्षांत पहिल्यांदाच साहेबांनी गोळ्या स्वतः काढल्या. पोस्टात गर्दी होती. परत आलो तर ताटलीत तीन गोळ्या मांडलेल्या, बुडाशी १, २, ३ कोरलेलं. साहेबांच्या दोन्ही हातांना खांद्यापर्यंत कापूस चिकटला होता आणि घामाने सदरा ओला झाला होता. मी ब्रशने कापूस झटकला. म्हणालो, "मला थांबवायचं होतंत."

तीन गोळ्या पाकिटात घालून वर नाव लिहिलं. कुलूप ५.२०.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

अहवाल गेला. गोळी शिंप्याच्याच पिस्तुलातून सुटलेली आहे, असं साहेबांनी दिलं आहे. कोर्टासाठी मोठा फोटो लावायचा होता. डाव्या अर्ध्यात खुनाची गोळी, उजव्या अर्ध्यात चाचणीची, आणि मधल्या रेघेवर दोन्हीकडच्या खुणा अशा जुळलेल्या की जणू एकच गोळी. फोटोखाली मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: चाचणी गोळी क्र. ३.

साहेब म्हणाले, "अक्षर असावं तर असं." माझ्या कायम होण्याची शिफारस पाठवली आहे.

सोमवार, १० मार्च

फाटकाशी शिंप्याची मुलगी आली होती. पिस्तूल तुमच्याकडे ठेवा, पण ती पिशवी द्या, म्हणाली. मुद्देमाल देता येत नाही असं सांगितलं. "त्यात काय मुद्दा आणि काय माल?" म्हणाली आणि गेली.

बुधवार, १४ मे

शिंप्याला फाशी झाली. म्हणजे शिक्षा झाली, अजून द्यायची आहे. साहेबांची साक्ष दोन तास चालली म्हणे. पेपरात लिहिलं आहे की दुसरा पुरावा जवळजवळ नव्हताच, सगळं त्या एका गोळीवर ठरलं.

आई म्हणाली, "म्हणजे तुझ्या कामामुळे खुनी सापडला." मी हो म्हणालो. जेवण गेलं नाही.

सोमवार, १६ जून

आज संग्रहात तीन पिस्तुलांची भर पडली. मयत घरमालकाच्या पुतण्याने देणगी दिली. आता ती इमारत त्याचीच झाली आहे, फौजदार स्वतः त्याला घेऊन आले होते. पुतण्या मऊ बोलणारा आहे, माझ्याशीसुद्धा अहोजाहो करून बोलला. म्हणाला, "काकांच्या आठवणीसाठी."

तिन्ही बेल्जियमची, निकेलचा मुलामा असलेली, जपलेली. आत निळी मखमल असलेल्या एका लाकडी पेटीतून दिली. पेटीत खोबणी मात्र चार आहेत. चौथी रिकामी. मी मोजली, लांबी पंधरा सेंटिमीटर आणि थोडं वर. एवढा चांगला संच असा अपुरा राहिला याचं वाईट वाटलं. चौथं कुठे गेलं, असं पुतण्याला विचारणार होतो, पण साहेबांनी मला वर फाइल आणायला पाठवलं. परत येईपर्यंत ते गेले होते.

कार्डं लिहिली. ३१२, ३१३, ३१४. शिंप्याचं पिस्तूल निकालानंतर आमच्याच ताब्यात ठेवलं आहे, ते ३१५ होईल. पण अपील चालू असेपर्यंत त्याला कार्ड नाही.

मंगळवार, ८ जुलै

आज मला काय वाटतंय ते नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही.

वर्षातून एकदा पेटीचा कापूस बदलतात. या वेळी झाकणाचं लोकरी अस्तरही कुजलं होतं म्हणून तेही उचकटलं. अस्तराच्या मागून, कोपऱ्यातून, एक गोळी पडली. ७.६५.

गोळी वर उडून झाकणात घुसली असणार. असं होऊ शकतं हे मला सुचलंच नव्हतं. मी थर चाचपतो, झाकण चाचपत नाही.

वर्षभरात या पेटीत ७.६५ची चाचणी एकाच खटल्यासाठी झाली, शिंप्याच्या. आणि ते निकेलचं, पण त्याची गोळी साहेबांनी तेव्हाच काढली होती.

गोळी वजन करून पाहिली, ४.६ ग्रॅम. कागदात गुंडाळून खिशात ठेवली. खिसा सारखा चाचपत घरी आलो.

बुधवार, ९ जुलै

दुपारी साहेब कोर्टात होते. मला मायक्रोस्कोपला हात लावायची परवानगी नाही, तरी लावला. शिंप्याच्या खटल्याचं पाकीट काढलं. १, २, ३ आणि माझ्या खिशातली, अशा चार गोळ्या एकमेकींशेजारी लावून पाहिल्या.

१ आणि २ वर एका खाचेच्या कडेने जाड ओरखडा आहे. तो शिंप्याच्या नळीतल्या गंजाचा खड्डा. झाकणात सापडलेल्या गोळीवरही तोच ओरखडा, तिथेच, तेवढाच. ३ वर ओरखडा नाही. ३ स्वच्छ आहे. ३ तेल दिलेल्या नळीतून आलेली आहे.

म्हणजे शिंप्याच्या पिस्तुलाच्या खऱ्या तीन गोळ्या १, २ आणि झाकणातली. ३ परकी. आणि कोर्टातल्या फोटोत खुनाच्या गोळीशी जी जुळली ती ३. खाली माझंच अक्षर आहे.

शिंप्याने गोळी झाडलेली नाही.

हे वाक्य लिहून तीनदा वाचलं. आई दोनदा डोकावून गेली.

३ कुठून आली? एकच उत्तर. मागची कुठली तरी गोळी पेटीत राहिली होती. पेटी रिकामी करणं माझं काम. २२ जानेवारीला मी रिकामी केली असं लिहिलं आहे. पण लिहिलं म्हणजे नीट केलं असं थोडंच आहे? झाकण कुठे पाहिलं होतं? बिचाऱ्या साहेबांनी विश्वासाने पेटीतून मिळाल्या त्या गोळ्या उचलल्या, आणि माझ्या हलगर्जीपणामुळे त्यांचा अहवाल चुकला.

शुक्रवार, ११ जुलै

साहेबांना सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. दार लावून घेतलं, मला खुर्चीवर बसवलं. त्यांच्यासमोर मी कधी बसलो नव्हतो.

"आणखी कोणाला बोललास?"

"नाही."

"आईला?"

"नाही, साहेब."

"ती गोळी कुठे आहे?"

मी दिली. त्यांनी ती बघितलीसुद्धा नाही, खणात टाकली. मग खणाला किल्ली लावली. म्हणाले, "पंडित, हे बाहेर आलं तर काय होईल कळतंय का? पुराव्यात भेसळ. पाच-सात वर्षं तुरुंग. तुला. पेटी रिकामी केल्याची सही तुझी आहे."

मी म्हणालो, "पण साहेब, तो माणूस..."

"त्याचं मी बघतो. कोर्टाला गुपचूप पत्र लिहून अहवाल दुरुस्त करतो. तुझं नाव येऊ देणार नाही. पण तू एक शब्द बोलायचा नाहीस. शपथ घे."

घेतली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा हात गार होता. माझ्या चुकीसाठी हा माणूस स्वतःची अब्रू पणाला लावतो आहे.

मंगळवार, १५ जुलै

कायम झाल्याचा हुकूम आला. आईने तो कपाटात, तिच्या साड्यांच्या घडीखाली ठेवला आणि रडली.

शुक्रवार, १ ऑगस्ट

साहेबांना पत्राचं विचारलं. "अशा गोष्टींना वेळ लागतो," म्हणाले.

बुधवार, २० ऑगस्ट

शिंप्याची मुलगी पुन्हा आली. या वेळी फाटकाशी नाही, मी घरी जाताना रस्त्यात गाठलं. वरच्या कोर्टाने पिस्तूल दुसऱ्या प्रयोगशाळेत फेरतपासणीला पाठवायचा हुकूम दिला आहे. तिने त्यासाठी तीन महिने वकिलाच्या पायऱ्या झिजवल्या.

"आधी ज्यांनी तपासलं त्यांनी पत्रबित्र काही लिहिलंय का कोर्टाला?" मी विचारलं.

"कुणी? कशाला लिहील कुणी?"

मी चालत राहिलो.

ती म्हणाली, "बाबांना कोठडीत सुई देत नाहीत. बोटं मात्र हलत असतात, शिवत असल्यासारखी. परवा म्हणाले, माझ्या अंगावरचा हा सदरा कोणी शिवलाय, बाही केवढी वाकडी." मग म्हणाली, "तुम्हीच ना गोळ्या काढणारे?"

"एरवी मी काढतो. त्या दिवशी साहेबांनी काढल्या."

ती चालता चालता थांबली. "का?"

"मला पोस्टात पाठवलं होतं."

"हे तुम्ही कोर्टात सांगाल?"

"त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. का ते कळलं नाही. साहेबांनी काढल्या म्हणून काय झालं, पेटी रिकामी करणं माझ्याकडे होतं.

आणखी सांगायला हवं होतं. शपथ आडवी आली. खरं तर शपथ नाही, तुरुंग आडवा आला.

गुरुवार, २८ ऑगस्ट

साहेबांनी शिंप्याचं पिस्तूल टेबलावर ठेवलं. शेजारी तारेचा ब्रश आणि पॉलिशची डबी.

"बुधवारी कोर्टाचा माणूस न्यायला येणार. नळी साफ कर. चकचकीत. गंजलेलं हत्यार दुसऱ्या प्रयोगशाळेत गेलं तर आपली काय शोभा राहील?"

मी म्हणालो, "साहेब, घासली तर तो ओरखडा जाईल. मग गोळ्यांवर काही ओळखूच येणार नाही."

"मग ते 'निष्कर्ष काढता येत नाही' असं लिहितील आणि माझा अहवाल राहील. तुझी चूक कोणाला कधीच कळणार नाही." आवाज खाली आणून म्हणाले, "हे मी कोणासाठी करतोय, पंडित?"

मी डबी उचलून हातात घेतली.

"आणि ते पत्र, साहेब?"

"पाठवलंय ना. त्याचं काम होतंय. फाशी काही उद्या नाही."

डबी घेऊन खाली आलो. झाकण घट्ट आहे. उघडलं नाही.

शनिवार, ३० ऑगस्ट

अण्णांकडे गेलो. ते अंगणात खुर्ची टाकून चष्म्याची काडी दोऱ्याने बांधत होते. नाव न घेता विचारलं, खटल्यातल्या पिस्तुलाची नळी तारेच्या ब्रशने घासतात का?

"चाळीस वर्षांत मी अशा नळीत चिंधीसुद्धा घातली नाही. कोणी सांगितलं?"

मी काडीवरचे दोऱ्याचे वेढे मोजत राहिलो.

"बरं. त्या दिवशी गोळ्या कोणी काढल्या?"

"तुम्हाला कुठला दिवस ते कसं कळलं?"

"पेपर मीही वाचतो, बाळा. कोणी काढल्या?"

"साहेबांनी. पण पेटी मी..."

"तू पेटी रिकामी केली होतीस?"

"लिहिलंय तसं. पण झाकण नाही पाहिलं."

अण्णांनी काडीला गाठ मारली. मग म्हणाले, "तू मोजतोस फार छान. पण मोजून झालं की कधीतरी मान वर करून माणसाच्या तोंडाकडे बघत जा."

त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. त्यांनी शिकवलेल्या कामात मी चुकलो, म्हणून असेल.

मंगळवार, २ सप्टेंबर

दिवसभर पिस्तूल समोर होतं. सुटं केलं. या नमुन्याची नळी थोडी फिरवली की बाहेर येते. उजेडाकडे धरून आत पाहिलं. खड्डा आहे तिथेच आहे, मसुराच्या अर्ध्या डाळीएवढा. या जुन्या लोखंडात त्या माणसाला वाचवू शकेल असं एवढंच आहे.

घासली तर मी वाचतो. आई वाचते. तिच्या साड्यांखालचा तो कागद तिथेच राहतो. साहेबांचंही नाव राहतं. ब्रशचे वीस-पंचवीस हात, जास्त नाही.

संध्याकाळी आईला विचारलं, मी काही वर्षं बाहेरगावी गेलो तर तू राहशील का? तिने लोकर बाजूला ठेवली. "बदली करताहेत का?" म्हणाली. म्हटलं, तसंच काहीसं. म्हणाली, "ताईकडे राहीन. पण पत्र लिहीत जा. तुझं अक्षर मला चष्म्याशिवाय वाचता येतं."

बुधवार, ३ सप्टेंबर

सकाळी आठलाच गेलो. पिस्तूल जोडलं. नळीला हात लावला नाही. पिशवीत घातलं, पिशवीला दोरी, दोरीला लाख, लाखेवर शिक्का. मोहोरबंद मुद्देमाल कोर्टाच्या परवानगीशिवाय कोणालाच उघडता येत नाही, साहेबांनाही नाही. म्हणून ते यायच्या आधी केलं. पिशवी शिंप्याचीच आहे. तीही मुद्देमालच, त्यामुळे त्यात नियमाबाहेर काही झालेलं नाही.

साहेब साडेदहाला आले. कोर्टाचा माणूस खिडकीशी पावती लिहीत होता. साहेबांनी पुडकं हातात घेऊन वजन केल्यासारखं हलवलं.

"घासलीस?"

"घासली."

"नीट?"

"आरशासारखी झाली, साहेब."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अण्णांनी सांगितलं होतं म्हणून मीही मान वर करून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालेलं, दाढी नीट केलेली नाही. माझ्यापायी या माणसाची झोप गेली आहे, एवढंच मला दिसलं. ते म्हणाले, "शहाणा आहेस," आणि पुडकं खिडकीतून सरकवलं. माणसाने ते आपल्या थैलीत टाकलं, सायकलच्या हँडलला अडकवलं आणि गेला. मी वळणापर्यंत बघत होतो.

नळी घासलेली नाही.

शाळेत असल्यापासून मी खोटं बोललेलो नाही. आज बोललो, आणि तेही ज्यांनी मला सांभाळून घेतलं त्यांच्याशी.

तिकडे ते तीन गोळ्या झाडतील. तिन्हींवर गंजाचा ओरखडा उमटेल आणि फोटोतली ३ त्यांच्यात बसणार नाही. मग विचारतील, पेटी रिकामी कोणी केली होती? सही माझी आहे, सहज वाचता येते. काय सांगायचं ते वेगळ्या कागदावर लिहून काढलं आहे, तीनदा तपासलं. चूक माझी एकट्याची आहे, साहेबांनी फक्त माझ्यावर विश्वास ठेवला, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. त्यांचं नाव कुठे येणार नाही, एवढं मी बघेन.